घड्याळाच्या कड्यामागचा डॉक्टर

जुनी मनगटी घड्याळे जमवणाऱ्या शौकिनांना एका प्रकाराचे विशेष अप्रूप असते. टायटॅनियमचे, खोल पाण्यात चालणारे आणि दुसऱ्या देशाची वेळही दाखवणारे घड्याळ. टायटॅनियम हलके असते, खाऱ्या पाण्यात गंजत नाही आणि त्वचेला सहसा त्रास देत नाही. म्हणूनच हाडांच्या शस्त्रक्रियेत आणि दातांच्या इम्प्लांटमध्येही तेच वापरतात. त्याचे खनिज, इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही आहे. दुसऱ्या वेळेचा जादा काटा बोटीवर किंवा विमानावर काम करणाऱ्यांच्या सोयीचा. पण या घड्याळावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे काचेभोवतीचे फिरणारे कडे. त्यावर ६० मिनिटांच्या खुणा असतात. त्या कड्यामागे एका डॉक्टरचे काम आहे. त्यांचे नाव जॉन स्कॉट हाल्डेन.

हाल्डेन यांचा जन्म १८६० मध्ये एडिंबरो येथे झाला. घराणे सुखवस्तू, थोरले भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री झाले. जॉन यांनी १८८४ मध्ये एडिंबरो विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली, पण दवाखाना थाटला नाही. माणूस जी हवा घेतो तिचे शरीरात काय होते, हा एकच प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. सुरुवात डंडी शहरातल्या गरीब वस्त्यांपासून झाली. रात्री माणसे दाटीवाटीने झोपलेली असताना ते त्या खोल्यांमध्ये जाऊन हवेचे नमुने घेत आणि प्रयोगशाळेत तपासत. त्यानंतर ते ऑक्सफर्डला गेले आणि तिथलेच झाले.

१८९६ च्या जानेवारीत वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. ५७ कामगार मरण पावले. स्फोटाच्या धक्क्याने माणसे गेली, असा सर्वांचा समज होता. हाल्डेन यांनी मृतदेह तपासले. अनेकांच्या अंगावर मारक जखमा नव्हत्या, पण रक्त गडद गुलाबी-लाल होते. बहुतेक जण स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेले होते. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याचा परिणाम नेमका कसा चढत जातो हे पाहण्यासाठी हाल्डेन यांनी तो स्वतः हुंगला आणि रक्ताचे नमुने देत राहिले. छोट्या प्राण्याचा श्वास आणि रक्ताभिसरण वेगवान असल्याने त्याच्यावर वायूचा परिणाम माणसाच्या आधी दिसतो, हे त्यांनी दाखवले. खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावा, ही त्यांचीच सूचना. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी अखेर १९८६ मध्ये निवृत्त झाले.

१९०५ मध्ये त्यांनी प्रीस्टली या सहकाऱ्याबरोबर आणखी एक मूलभूत गोष्ट सिद्ध केली. आपला श्वासोच्छ्वास क्षणाक्षणाला कमी-जास्त होतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या पातळीवरून. श्वसनशरीरशास्त्राचे धडे आजही इथूनच सुरू होतात.

त्याच सुमारास ब्रिटिश नौदलाने त्यांच्याकडे पाणबुड्यांचा प्रश्न सोपवला. पाणबुडे म्हणजे पाण्यात उतरणारी माणसे. खोल जाऊन वर आलेल्यांचे सांधे असह्य दुखत, काहींचे पाय कायमचे लुळे पडत, काही दगावत. पुलांच्या पायासाठी दाबाखालच्या हवेत खोदकाम करणाऱ्या मजुरांनाही हाच आजार होई. कारण फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्येच सांगितले होते. पाण्यात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. वाढलेल्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. माणूस झटकन वर आला, की गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर बुडबुडे उसळतात तसे नायट्रोजनचे बुडबुडे शरीरात तयार होतात. मग सुरक्षितपणे वर यायचे किती वेळात, याचे उत्तर मात्र कोणाकडे नव्हते.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लोखंडी दाबकोठी होती. तिथे हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग केले. खाणीसाठी छोटा पक्षी सुचवणाऱ्या माणसाने इथे मोठा प्राणी निवडला, याला कारण होते. छोट्या प्राण्याचे रक्त इतक्या वेगाने फिरते की नायट्रोजन लगेच बाहेर पडतो आणि त्याला काही होत नाही. शेळी त्या मानाने माणसाच्या जवळची, आणि दुखू लागले की पुढचा पाय उचलून धरणारी. बॉयकॉट आणि नौदल अधिकारी डॅमंट हे त्यांचे सहकारी होते. १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या समुद्रात डॅमंट हे २१० फूट, म्हणजे सुमारे ६४ मीटर खोल जाऊन सुखरूप वर आले. त्याच मोहिमेत हाल्डेन यांच्या १३ वर्षांच्या मुलानेही बुडी मारली.

१९०८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातला विचार असा. शरीरातले काही भाग नायट्रोजन चटकन घेतात आणि चटकन सोडतात, तर काही फार सावकाश. त्यासाठी ५ ते ७५ मिनिटांचे अर्धकाल त्यांनी धरले. दाब निम्म्यापर्यंत उतरला तर बुडबुडे सहसा होत नाहीत, असे प्रयोगांत दिसले होते. म्हणून पाणबुड्याने आधी निम्म्या दाबापर्यंत यावे आणि मग टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे. किती खोल आणि किती मिनिटे, हे दोन आकडे कळले की कुठे किती थांबायचे ते तक्त्यात पाहायचे. घड्याळाचे कडे यातलाच दुसरा आकडा सांगते. ते उलट्या दिशेनेच फिरते, कारण चुकून धक्का लागला तर वेळ जास्त दिसलेली चालेल, कमी दिसता कामा नये. हाल्डेन यांचे आकडे लांब आणि खोल बुड्यांसाठी पुरेसे सावध नव्हते, हे पुढे कळले. तक्ते बदलत गेले. आजच्या डाइव्ह कॉम्प्युटरमधली मूळ मांडणी मात्र त्यांचीच आहे.

खोलीनंतर ते उंचीकडे वळले. १९११ मध्ये अमेरिकेतल्या पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर राहून विरळ हवेशी शरीर कसे जुळवून घेते ते त्यांनी तपासले. १९१५ मध्ये युद्धात जर्मनांनी विषारी वायू सोडला, तेव्हा पन्नाशी ओलांडलेले हाल्डेन फ्रान्सला गेले, तो क्लोरीन असल्याचे ओळखले आणि बचावाच्या साधनांवर काम केले. इराण-इराकमधल्या उष्माघाताचा अभ्यास करून परतल्यावर मार्च १९३६ मध्ये, ७५ व्या वर्षी, ऑक्सफर्डला त्यांचे निधन झाले. लहानपणी बुडी मारलेला त्यांचा मुलगा म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. त्यांनीही दाबकोठीत स्वतःवर प्रयोग केले, १९५७ मध्ये ते भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

हे सगळे आपल्याला आज का हवे? मालवण-तारकर्लीला स्कूबा करून येणारे आता पनवेलमध्येही कमी नाहीत. पर्यटकांच्या पहिल्या बुड्या उथळ असतात, धोका थोडा असतो. पण प्रशिक्षण घेऊन दिवसाला दोन-तीन बुड्या मारणाऱ्यांनी हाल्डेन यांचे गणित विसरू नये. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच असतो. म्हणजे गोव्याहून विमानाने परतणारा माणूस पाण्यातून वर आल्यानंतर आणखी वर चढत असतो. एकाच साध्या बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास आणि टप्प्यांची खोल बुडी असेल तर त्याहून बराच अधिक वेळ विमान टाळावे. सुमारे ७०० मीटर उंचीच्या आंबोलीमार्गे गाडीने घाट चढून जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

बुडीनंतरच्या २४ तासांत खांदा, कोपर किंवा गुडघा दुखू लागला, अंगाला मुंग्या आल्या, चक्कर आली, पायातली शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर ती दगदग समजून घरी पडून राहू नये. १०८ ला फोन करावा आणि आपण बुडी मारली होती हे आधी सांगावे. पुन्हा पाण्यात उतरून उपाय करू नये. आडवे ठेवणे, शंभर टक्के ऑक्सिजन आणि लवकरात लवकर दाबकोठीतले उपचार, हाच मार्ग आहे. नौदलाच्या वैद्यकशास्त्राला ही विद्या चांगली अवगत आहे. मुंबईत कुलाब्याचे आयएनएचएस अश्विनी रुग्णालय त्यासाठी ओळखले जाते. आम्हा डॉक्टरांनीही खांदेदुखीला गोळी लिहिण्याआधी रुग्ण काल कुठे होता, हे विचारायला हवे.