अकबराला वाचता येत नव्हतं, मग तो २४ हजार पुस्तकांचा मालक कसा झाला?

सावद्याहून रावेरमार्गे बऱ्हाणपूरला निघालात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. तासाभरात बऱ्हाणपूर येतं आणि तिथून पुढे वीसेक किलोमीटरवर डोंगरावरचा असीरगड दिसायला लागतो. आज मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशची सीमा आहे, पण चारशे वर्षांपूर्वी हा सगळा एकच मुलूख होता, खानदेश. इथे फारुकी सुलतानांचं राज्य होतं आणि बऱ्हाणपूर त्यांची राजधानी होती.

१६०० साली हा मुलूख जिंकायला खुद्द बादशहा अकबर बऱ्हाणपुरात येऊन बसला. असीरगडाला वेढा पडला. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला आणि शेवटचा सुलतान बहादूरखान कैदेत गेला. अकबराने हा सुभा शहजादा दानियालकडे सोपवला आणि त्याच्या नावावरून खानदेशचं नाव दानदेश ठेवलं. पुढे फतेहपूर सिक्रीच्या बुलंद दरवाज्यावर या विजयाचा लेखही कोरला गेला.

पण स्वतःच्याच विजयाचा हा लेख अकबराला वाचता येत नव्हता.

पुस्तकवेड्या घराण्यातला मुलगा

अकबराचे आजोबा बाबर यांनी तुर्की भाषेत आत्मचरित्र लिहिलं. वडील हुमायून यांना ग्रंथांचा आणि खगोलशास्त्राचा नाद होता. त्यांचा मृत्यूही ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून झाला. आत्या गुलबदन बेगम यांनी हुमायूनचं चरित्र लिहिलं, तेही अकबराच्याच सांगण्यावरून. घरात वाचन-लेखन पाण्यासारखं होतं.

अकबराचा जन्म १५ ऑक्टोबर १५४२ चा, सिंधमधल्या उमरकोटचा. तेव्हा हुमायूनचं राज्य शेरशहाने घेतलं होतं आणि तो आसरा शोधत फिरत होता. त्यामुळे अकबराची सुरुवातीची वर्षं आईवडिलांपासून दूर, काकांच्या ताब्यात गेली. हुमायूनने काबूल परत मिळवलं तेव्हा कुठे मुलाची भेट झाली.

पोर चार वर्षं, चार महिने आणि चार दिवसांचं झालं तेव्हा रिवाजाप्रमाणे शिक्षणाचा मुहूर्त काढला गेला. हुमायूनने ज्योतिष बघून घटका ठरवली. पण ऐन घटकेला अकबर गायब! खेळायला पळालेला मुलगा शोधूनही सापडला नाही आणि मुहूर्त टळला.

पुढे मुल्ला असामुद्दीन यांना शिक्षक नेमलं. मुलाची प्रगती काही दिसेना, तेव्हा शिक्षकालाच कबुतरं उडवण्याचा नाद आहे, असं म्हणत त्यांना काढण्यात आलं. त्यांच्या जागी मौलाना बायजीद आले. तरी गाडी पुढे सरकेना. शेवटी चिठ्ठ्या टाकून मौलाना अब्दुल कादिर यांची निवड झाली. शिक्षक बदलत राहिले, अक्षरं मात्र बसली नाहीत.

इतर बाबतीत मुलगा मागे नव्हता. घोडेस्वारी, नेमबाजी, प्राण्यांना वठणीवर आणणं यात तो तरबेज होता. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या नामांकित चित्रकारांकडे तो चित्रकला शिकला. ऐकलेलं त्याच्या पक्कं लक्षात राहायचं.

१५५६ साली वडील गेले आणि वयाच्या तेराव्या वर्षी अकबर गादीवर बसला.

कानाने वाचणारा बादशहा

गादीवर आल्यावर अकबराने आपल्या भोवतीची व्यवस्थाच अशी लावली की न वाचता येण्याने काही अडू नये.

रोज त्याला पुस्तकं वाचून दाखवली जात. धर्म, इतिहास, काव्य, तत्त्वज्ञान, सगळं. अबुल फजलने लिहून ठेवलंय की वाचणारा ज्या पानावर थांबेल तिथे बादशहा स्वतःच्या हाताने खूण करायचा आणि जितकी पानं वाचली, त्या हिशोबाने वाचणाऱ्याला रोख पैसे मिळायचे. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऐकायचं, असा त्याचा शिरस्ता होता.

अमीर हमजाच्या साहसकथांची चित्रं काढायला त्याने चित्रकारांची फौज कामाला लावली. सुमारे पंधरा वर्षं काम चाललं आणि १४०० चित्रं तयार झाली. चित्र मोठं, कापडावर काढलेलं, आणि गोष्टीचा मजकूर त्याच्या पाठीमागे. एकाने चित्र समोर धरायचं, दुसऱ्याने गोष्ट वाचायची आणि बादशहाने बघत बघत ऐकायची.

१५८२ मध्ये त्याने महाभारताचं फारसी भाषांतर करायला घेतलं. ते रज्मनामा या नावाने ओळखलं जातं. नंतर रामायणाचंही भाषांतर झालं. फतेहपूर सिक्रीच्या इबादतखान्यात मुल्ला, पंडित, जैन मुनी, पारशी धर्मगुरू आणि गोव्याहून आलेले जेझुइट पाद्री यांच्याशी तो तासन्‌तास वाद घालायचा. यांपैकी मोन्सेरात या पाद्र्याने बादशहाला लिहिता-वाचता येत नसल्याची नोंद केली, आणि त्याच्या ज्ञानाची तारीफही केली. मुलगा जहांगीरनेही आठवणींत म्हटलंय की विद्वानांत बसून बसून वडिलांचं बोलणं असं झालं होतं, की ते निरक्षर आहेत हे कुणाच्या लक्षात यायचं नाही.

अकबराच्या हस्ताक्षराचा एक नमुना आजही जपलेला आहे. तैमूरच्या चरित्राच्या एका हस्तलिखितावर त्याने एकच शब्द लिहिलाय, फरवर्दिन. हे इराणी पंचांगातल्या महिन्याचं नाव. अक्षर नवशिक्या पोराचं वाटावं असं आहे. ते वडिलांचंच आहे, असा शेरा शेजारी जहांगीरने लिहून ठेवलाय.

मुलांना वर्षानुवर्षं अक्षरं घोकायला लावण्यावर अकबराचा राग होता. पोरांनी आधी अक्षर गिरवावं, मग जोडाक्षरं शिकावीत, लवकरात लवकर अर्थ असलेल्या ओळींकडे यावं आणि शिक्षकाने थोडीच मदत करावी, असा नियम आईन-ए-अकबरीत नोंदलेला आहे. आयुष्यभर अक्षरांशी झगडलेल्या माणसाचा हा नियम आहे.

पण त्याच अकबराने १५८० च्या आसपास एक क्रूर प्रयोगही केला. माणूस मुळात कोणती भाषा बोलतो, हे बघायला काही तान्ही मुलं त्याने आयांपासून तोडून एका वाड्यात ठेवली. त्यांच्याशी बोलायची सगळ्यांना मनाई होती. काही वर्षांनी बघितलं तर एकाही मुलाला बोलता येत नव्हतं. लोक त्या वाड्याला गुंगमहाल, म्हणजे मुक्यांचा महाल म्हणायला लागले. स्वतःसाठी शब्दांची एवढी सोय करणाऱ्याने त्या लेकरांचे शब्दच काढून घेतले.

मग अकबराला नेमकं काय होतं?

१९८० च्या दशकापासून काही अभ्यासकांनी अंदाज मांडला की अकबराला डिस्लेक्सिया असावा. काहींच्या मते लहानपणीची धावपळ आणि अभ्यासाचा कंटाळा हेच कारण होतं. त्याला थोडंफार वाचता येत असावं, असं मानणारेही आहेत. चारशे वर्षांनी कुणी छातीठोक निदान करू शकत नाही. पण चांगली बुद्धी, उत्तम स्मरणशक्ती, शिकवायला एकामागून एक शिक्षक आणि तरीही अक्षरं न बसणं, हे वर्णन आजच्या डॉक्टरांना ओळखीचं वाटतं.

डिस्लेक्सिया हा शब्द १८८७ साली जर्मनीत वापरात आला. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाबद्दल लिहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण सगळं शिक्षण तोंडी असतं तर तो शाळेत पहिला आला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं.

अकबराचं सगळं शिक्षण तोंडीच झालं होतं.

बादशहाला एक न्याय, पोराला दुसरा

अबुल फजलने अकबराच्या निरक्षरपणाला थेट दैवी खूण ठरवलं. पुस्तकी विद्या नसताना इतकं ज्ञान म्हणजे देवाचीच देणगी, असा त्याचा सूर. हीच गोष्ट साध्या घरातल्या पोराच्या बाबतीत घडली, तर त्याच्या वाट्याला ढ, मठ्ठ, आळशी हे शब्द येतात. मागच्या बाकावर जागा मिळते. वर्गात मोठ्याने वाचायला उभं केलं की हशा पिकतो. घरी मार बसतो. आणि नववी-दहावीत शाळा सुटली की पोराचं डोकंच नव्हतं, असं म्हणून गाव मोकळं होतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या परीक्षेला अशा मुलांना जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. पण त्यासाठी तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळावं लागतं. त्याच्याही आधी, हे पोर आळशी नाही, त्याची अडचण वेगळी आहे, हे घरात किंवा शाळेत कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. तालुक्याच्या गावात गाडी बहुतेक वेळा इथेच अडते.

शिवाय सवलत मिळालेल्या पोराला फुकटचे मार्क घेतले म्हणून टोमणे बसतात, ते वेगळंच. खरं तर लेखनिक मिळाला तरी उत्तर पोरालाच यावं लागतं. अकबराच्या पदरीही वाचणारे आणि लिहिणारे होते, पण त्याने लढाया फुकटात जिंकल्या असं कुणी म्हटलं नाही.

२७ ऑक्टोबर १६०५ रोजी आग्र्यात अकबराचा मृत्यू झाला. मागे राहिलेल्या मालमत्तेची मोजदाद झाली, तेव्हा त्याच्या ग्रंथालयात २४ हजार ग्रंथ निघाले. त्यातली कितीतरी त्याने ऐकून संपवली होती.