एडिसन यांची बॅटरी आणि थंडीची परीक्षा



एडिसन म्हटलं की मुलं लगेच विजेचा दिवा म्हणतात. पण दिव्यानंतर त्यांनी दहा वर्षं एका बॅटरीसाठी घालवली, ही गोष्ट वर्गात फारशी येत नाही. आज तीच बघूया.

थॉमस अल्वा एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, मिलान या गावी झाला. शाळा फार दिवस लाभली नाही. आईनेच घरी शिकवलं. पोरवयात त्यांनी रेल्वेत वर्तमानपत्रं विकली, पुढे तारयंत्र चालवायला शिकले. लुईव्हिलच्या तार कार्यालयात रात्रपाळीत बॅटरीवर प्रयोग करताना त्यांच्या हातून आम्ल सांडलं आणि फळ्यांच्या जमिनीतून झिरपून थेट खालच्या साहेबांच्या टेबलावर पडलं. नोकरी गेली, पण प्रयोगाचा नाद काही सुटला नाही.

१८७९ च्या दिव्याने त्यांचं नाव जगभर झालं. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी बॅटरी बनवायला घेतली. तेव्हाच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या जड असत आणि रिकाम्या ठेवल्या की खराब होत. एडिसन यांनी निकेल, लोखंड आणि अल्कली द्रावण निवडलं. हजारो प्रयोगांनंतर १९०३ च्या सुमारास बॅटरी बाजारात आली. पण डबे गळू लागले, क्षमता घटू लागली. तेव्हा त्यांनी उत्पादन थांबवलं आणि पुन्हा प्रयोगशाळा गाठली. सुधारलेली बॅटरी आली १९०९ मध्ये.

ही बॅटरी भलतीच टिकाऊ निघाली. जास्त चार्ज झाली किंवा बरेच दिवस रिकामी पडून राहिली, तरी तिला फारसा धक्का बसत नसे. मात्र दोन उणिवा राहिल्याच. एक म्हणजे, नुसती ठेवली तरी ती आपोआप बरीच उतरायची. दुसरी म्हणजे, कडाक्याच्या थंडीत तिचा जोर ओसरायचा. पेट्रोल मोटारीचा स्टार्टर फिरवायला क्षणभर मोठा प्रवाह लागतो, आणि थंडीत तर जास्तच. तिथे शिसे-आम्ल बॅटरीच सरस ठरली. एडिसन यांची बॅटरी खाणकामगारांच्या दिव्यांत आणि रेल्वेच्या कामांत मात्र वर्षानुवर्षं वापरली गेली. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी ते निवर्तले.

असं का होतं? बॅटरीतली वीज रासायनिक क्रियेतून येते. थंडीत ही क्रिया मंदावते, म्हणून जोर कमी पडतो. सेल पुन्हा कोमट झाला की जोर बराचसा परततो. उष्णतेत नको त्या क्रियाही वेगाने होतात, म्हणून न वापरताही चार्ज लवकर उतरतो आणि बॅटरीचं आयुष्य घटतं.

वर्गात करून बघा. एकाच कंपनीचे नवे सेल घ्या. काही सेल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, बाकीचे बाहेर राहू द्या. सकाळी बल्बच्या एकाच टॉर्चमध्ये आळीपाळीने घालून उजेडाची तुलना करा. गार सेल कोमट झाल्यावर, कोरडे पुसून पुन्हा लावा. निरीक्षण मुलांनाच लिहू द्या.

घरी काय करायचं? सुटे सेल उन्हाच्या खिडकीत किंवा गॅसजवळ ठेवू नका. थंड, कोरडी जागा बरी. खेळणं बरेच दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. जुना मोबाईल ठेवायचा असेल तर साधारण निम्मा चार्ज करून ठेवा.

आणि एडिसन यांचा धडा शिकवताना १९०३ ची ती गळकी बॅटरीही जरूर सांगा. प्रयोगवहीत चुकीचं उत्तर आलं की पान फाडणाऱ्या मुलांना ती ऐकायची गरज आहे.