मराठीला विराम देणारे मेजर कँडी

वाक्य संपले की पूर्णविराम, ओळीत शब्द मावला नाही की तो तोडून शेवटी आडवी रेघ. मराठी वाचकाच्या हे इतके अंगवळणी पडले आहे की, या खुणा बाहेरून आल्या आहेत याचे स्मरणही त्याला राहिलेले नाही. त्या मराठीत रुजवण्याचे मोठे श्रेय मेजर टॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याकडे जाते.

१३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेले कँडी ऑक्सफर्डला शिकले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल झाले. तेथे दुभाष्याचे काम करताना त्यांनी मराठी आत्मसात केली. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाला त्यांनी व त्यांचे बंधू जॉर्ज यांनी साहाय्य केले. पुढे मोल्सवर्थ यांची प्रकृती ढासळल्याने अपुरा राहिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडी यांनी १८४७ मध्ये पूर्णत्वास नेला. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख आणि सरकारी भाषांतरांची तपासणी ही कामेही त्यांच्याकडे होती.

त्या काळापर्यंत मोडीतील लेखन एका सलग रेघेखाली वाहत असे. पोथ्यांतही शब्दांमध्ये अंतर ठेवण्याचा प्रघात नव्हता. ओळ संपली की उरलेली अक्षरे पुढच्या ओळीत जात. ‘जाऊ नका थांबा’ या तीन शब्दांत विराम कोठे घ्यायचा, हे वाचणाऱ्याने ताडायचे. छापील पुस्तक मात्र अनोळखी वाचकाच्या हाती पडणार होते. ही अडचण ओळखून कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक सिद्ध केले.

इंग्रजी छपाईतून मराठीत आलेल्या खुणांपैकीच एक म्हणजे संयोगचिन्ह. खूण तीच असली, तरी शब्द तोडण्याचा नियम दोन्ही भाषांत वेगळा आहे. इंग्रजीत उच्चाराच्या अवयवांवर शब्द तुटतो आणि एकाच अवयवाचा शब्द तोडता येत नाही. त्यातही ब्रिटिश परंपरा व्युत्पत्तीकडे झुकते, तर अमेरिकी परंपरा उच्चाराकडे. त्यामुळे ‘फोटोग्राफर’ हा शब्द लंडनचा जुळारी ‘फोटो’नंतर तोडेल, तर न्यूयॉर्कचा ‘ग’ मागे ठेवून पुढे जाईल. मराठीत अक्षर हेच एकक आहे. ‘पुस्तक’ उच्चारताना ‘पुस्’ आणि ‘तक’ असे दोन भाग होतात, पण लिहिताना जोडाक्षर फोडता येत नाही. म्हणून तो शब्द ‘पु-स्तक’ असाच तोडावा लागतो. काना-वेलांटीही अक्षरापासून विलग करता येत नाही.

कँडी यांच्यावर टीकाही झाली. शालेय पुस्तकांच्या भाषेवर त्यांचा अंमल होता आणि त्यामुळे मराठी वाक्याला इंग्रजी वळण लागले, हा आक्षेप निराधार नव्हता. वाक्यरचनेबाबतचा तो वाद पुढेही चालू राहिला. चिन्हे मात्र मराठीने आपलीशी केली.

ती पुण्या-मुंबईपुरती राहिली नाहीत. कँडी हयात असतानाच, १८७१ मध्ये, विदर्भात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म झाला. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणाऱ्या या विनोदकाराच्या पिढीला ही चिन्हे शिकावी लागली, शोधावी लागली नाहीत. लांब वाक्य, त्यातील कोटी आणि नेमक्या जागी घेतलेला विराम हे सारे छापील पानावर वाचकापर्यंत पोहोचवण्याची सोय आधीच झालेली होती.

२६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर येथे कँडी यांचे निधन झाले. त्यांच्या कोशांची जागा आता नव्या कोशांनी घेतली आहे. संगणकावर शब्द आपोआप तुटतात आणि कधी कधी जोडाक्षरही भलत्या ठिकाणी फुटते. अशा वेळी, विरामाची जागा विचारपूर्वक ठरवावी लागते, हा त्यांच्या कामाचा धडा आजही उपयोगी पडतो.