दुष्काळातून तरलेली माय : पंडिता रमाबाई

उमापूर (ता. गेवराई, जि. बीड) : दुष्काळ म्हणजे काय, हे आपल्या भागातील माणसाला शिकवावे लागत नाही. १९७२ साली दुष्काळी कामावर खडी फोडलेली आणि मिलो व सुकडी खाऊन दिवस काढलेली वडील माणसे आजही घरोघरी आहेत. त्यांच्या बोलण्यातून एक प्रश्न नेहमी डोकावतो. सारखीच भूक, सारखेच हाल. तरी एखादा माणूस हात टेकतो आणि दुसरा उठून उभा राहतो, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पंडिता रमाबाईंचे जीवन आठवते. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. परंतु उपासमारीतून वाचलेल्या या स्त्रीने पुढे हजारो जीवांना अन्न आणि आसरा दिला. म्हणून प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने त्यांचे चरित्र जाणून घ्यावे असे आहे.

अरण्यातील बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकविणे पाप मानले जात होते, त्या काळात त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती विद्या दिली. त्यापायी त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना कुटुंबाने घर सोडले आणि तीर्थयात्रा सुरू झाली. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून नेण्यात आले. गावोगावी पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर राहावे, असा त्यांचा क्रम होता. आईने लेकीला संस्कृत शिकविले व भागवताचे हजारो श्लोक तिच्याकडून पाठ करून घेतले.

मरणाच्या दारात

१८७० च्या दशकात दक्षिण भारतात दुष्काळ पडला. पुराण ऐकणारे उरले नाहीत. दक्षिणा थांबली. जवळचे किडूकमिडूक विकून झाले. श्रम करणे किंवा हात पसरणे या कुटुंबाच्या प्रतिष्ठेत बसत नव्हते. शेवटचा दाणा संपल्यावर ती माणसे मरण पत्करण्यासाठी जंगलात गेली. अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडपाला व थोड्या रानखजुरांवर काढल्या. वृद्ध वडिलांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला आणि एकेका लेकराला जवळ घेऊन निरोपही दिला.

त्या क्षणी थोरला भाऊ श्रीनिवास पुढे आला. जातीचा अभिमान आपण सोडतो, मजुरी करतो आणि आईवडिलांना पोसतो, असे त्याने सांगितले. वडिलांनी जलसमाधीचा विचार सोडला व सारे जंगलातून बाहेर पडले. पोटात अन्न नव्हते, परिस्थिती तसूभरही बदलली नव्हती. बदलले होते ते एवढेच की आता पुढे करावयाचे एक काम डोळ्यांसमोर होते.

संकटातून वाचलेल्या माणसांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही हेच सांगतात. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ जॉन लीच यांनी २०१८ साली मांडले की सुटकेची वाटच नाही असे ज्याला वाटते, तो आधी माणसांतून मन काढून घेतो, मग उदासीन होतो, पुढे त्याची इच्छाशक्तीच लोपते आणि अखेर शरीर फारसे जखमी नसतानाही तो मरू शकतो. ही घसरण थांबते ती एखादी लहानशी गोष्ट आपल्या हाती आहे असे पुन्हा वाटू लागल्यावर. श्रीनिवासाने आपल्या कुटुंबाला ती लहानशी गोष्ट दिली.

मात्र धैर्य दाखविले म्हणून मरण टळतेच असे नाही. वडिलांचे शरीर खचले होते. त्यांनी लवकरच प्राण सोडला. मागोमाग आई तापाने अंथरुणाला खिळली. तिच्यासाठी रमा एका घराच्या दारात उभी राहिली, पण मागण्यासाठी तोंडातून शब्द फुटेना. घरातील बाईने तिची दशा ओळखून बाजरीची भाकरी दिली. ती खाण्याचीही शक्ती आईत उरली नव्हती. स्मशान सुमारे तीन मैलांवर होते. खांदा द्यायला दोन माणसे कशीबशी मिळाली. तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. ती उंचीने लहान असल्यामुळे तिने आईची तिरडी डोक्यावर घेतली. पुढे बहीणही पटकीने गेली.

दोघांची वाट

उरलेली दोन भावंडे चालत राहिली. कधी मूठभर भिजवलेले दाणे मिठासंगे, कधी रानबोरे आठळीसकट गिळून त्यांनी भूक मारली. पंजाबातील थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा झेलम नदीच्या काठी थडग्यासारखे दोन खड्डे खणून, मान तेवढी बाहेर ठेवून त्यांनी अंगावर कोरडी वाळू ओढली. अशी हजारो मैलांची पायपीट त्यांनी केली. एकटे माणूस ज्या रात्री खचले असते, त्या रात्री दोघांनी काढल्या. आपल्यावाचून दुसऱ्याचे कसे होईल ही चिंता कित्येकदा माणसाला जगविते.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु १८८० मध्ये श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीलाही नेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या.

वाचलेल्या जीवाचे कार्य

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील धर्मभगिनींची पतित स्त्रियांविषयीची माया पाहून त्यांचे मन ख्रिस्ताकडे वळले आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी कन्येसह अँग्लिकन ख्रिस्तसभेत बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेत साहाय्य मिळवून त्या परतल्या व ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास नेले. धर्मांतरामुळे त्यांच्यावर कठोर टीका झाली, पण काम थांबले नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकताच वीस वर्षांपूर्वीचे दिवस रमाबाईंच्या मनात जागे झाले. त्यांनी ते स्मरण दडपले नाही. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व तरुण विधवांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकू लागली. विणकाम, छपाई, तेलघाणा सुरू झाला. अंधांसाठी ब्रेल लिपीतून शिक्षणाची सोय झाली. आलेल्या मुलींना भाकरीबरोबर रोजचे ठरलेले काम आणि शेजारी आपले म्हणावे असे माणूस मिळाले. रमाबाईंना मरणाच्या दारातून परत आणणाऱ्या गोष्टी याच होत्या.

शेवटपर्यंत दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. जुलै १९२१ मध्ये मनोरमाही गेली. आपण आरंभिलेले पवित्र शास्त्राचे मूळ भाषांतून मराठी भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूच्या स्वाधीन झाल्या.

आपल्यासाठी

प्रिय वाचकहो, बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. मागे राहतात म्हातारी माणसे, आणि कधी कर्जाने व नापिकीने मिटून गेलेला एखादा शेतकरी. माणूस बोलेनासा होतो, कामावरून मन उडते, जेवणाची वासना राहत नाही, तेव्हा ती आळसाची लक्षणे समजून त्याला बोल लावू नयेत. त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे. त्याला एकटे सोडू नये. डॉक्टरांकडे जायचे असल्यास सोबत जावे. उद्या सकाळी आपण दोघे मिळून अमुक एक करू, एवढे तरी ठरवून उठावे. जंगलात श्रीनिवासाने आपल्या वडिलांसाठी याहून वेगळे काही केले नव्हते. दारात मुकी उभी राहिलेली रमा ज्या बाईने ओळखली, तिची नजर परमेश्वर आपणा सर्वांस देवो.