इयान डोनाल्ड : सोनोग्राफीने सिस्ट ओळखायला शिकवणारे डॉक्टर

गर्भातील बाळाच्या पोटात सिस्ट दिसते असे सोनोग्राफीच्या अहवालात आले, की बहुतेक कुटुंबांना आधी कर्करोगाची भीती वाटते. सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी. ती भरीव गाठीपासून वेगळी ओळखता येते, याचे मोठे श्रेय डॉ. इयान डोनाल्ड यांना जाते.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल भागात झाला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात डॉक्टर होते. जळत्या विमानातून जवानांना बाहेर काढल्याबद्दल त्यांचा गौरव झाला. १९५४ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

बॉयलरच्या कारखान्यात धातूतील तडे ध्वनिलहरींनी शोधत. जुलै १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या सिस्ट आणि भरीव गाठी गाडीत घालून डोनाल्ड अशाच एका कारखान्यात गेले. दोन्हींचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले. पुढे अभियंता टॉम ब्राउन यांच्यासोबत त्यांनी रुग्णांसाठी यंत्र तयार केले.

एका महिलेला जठराचा, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कर्करोग असल्याचे निदान झाले होते. डोनाल्ड यांच्या यंत्राने मात्र मोठी सिस्ट दाखवली. ती बीजांडकोशाची निघाली, शस्त्रक्रियेने काढली आणि महिला वाचली. ७ जून १९५८ रोजी लॅन्सेट या नियतकालिकात हे संशोधन छापून आले. त्यात गर्भाची चित्रेही होती. १९ जून १९८७ रोजी डोनाल्ड यांचे निधन झाले.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

बाळाच्या पोटातील सिस्ट आतडे, मूत्रमार्ग, पित्तनलिका किंवा बीजांडकोशाची असू शकते. आईच्या संप्रेरकांमुळे झालेल्या बीजांडकोशाच्या बऱ्याच सिस्ट जन्मानंतर काही महिन्यांत आपोआप विरतात. मात्र गर्भाचे लिंग सांगणे आपल्याकडे गुन्हा आहे. त्यामुळे सिस्ट कोणत्या अवयवाची हे डॉक्टरांनी सांगितले नाही, तर आग्रह धरू नका. त्याऐवजी हे विचारा :

• सिस्ट किती सेंटिमीटर आहे? वाढते आहे का?
• पुढची सोनोग्राफी कधी करायची?
• बाळंतपण कुठे करावे?

केवळ सिस्ट आहे म्हणून सहसा सिझेरियन लागत नाही. सिस्ट मोठी असेल तर पीळ पडण्याचा धोका असतो. अशा वेळी नवजात शिशूंचे शस्त्रक्रियातज्ज्ञ असलेले रुग्णालय आधीच ठरवा. तुम्ही गगनबावड्यासारख्या मुसळधार पावसाच्या तालुक्यात राहत असाल, तर कळा सुरू होण्याची वाट न पाहता डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच कोल्हापुरात येऊन राहा. सोनोग्राफीचे सर्व जुने अहवाल सोबत ठेवा.

जन्मानंतर बाळाची सोनोग्राफी चुकवू नका. हिरवी उलटी, फुगलेले पोट किंवा काविळीसोबत पांढरट शी दिसली, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.