आग्रिपिना वागानोवा

सेंट पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की नाट्यगृहातील एका द्वारपालाची मुलगी आग्रिपिना वागानोवा (१८७९–१९५१) १८९७ मध्ये तेथील शाही बॅलेशाळेतून बाहेर पडून त्याच नाट्यगृहाच्या नृत्यसंघात दाखल झाली. रूप व अंगकाठी यांची अनुकूलता तिला नव्हती. वृद्ध नृत्यरचनाकार पेतीपा याचीही तिच्यावर मर्जी नव्हती. छोट्या एकलनृत्यांतील तिची उडी आणि पदन्यासाची अचूकता वाखाणली जाई. परंतु प्रमुख नर्तिकेचे पद मिळाले ते १९१५ मध्ये, निवृत्तीला जेमतेम वर्ष उरले असता.

तिच्या अध्यापनाचे बीज या उपेक्षेतच असावे. निसर्गाने जे नाकारले, ते तिने प्रत्येक हालचालीचे कारण शोधून कमावले होते. म्हणूनच ते तिला इतरांना देता आले. क्रांतीनंतर बॅले ही केवळ दरबारी विलासाची कला ठरू पाहत होती. अशा दिवसांत, १९२१ पासून, ती आपल्या जुन्या शाळेत शिकवू लागली. फ्रेंच लालित्य व इटालियन बळ यांचा मेळ घालताना तिने पाठ, मान आणि हात यांना पायांइतकेच महत्त्व दिले. उडीत व गिरकीत हात केवळ शोभेचे न राहता देहाला साहाय्य करू लागले. १९३१ ते १९३७ या काळात लेनिनग्राडच्या नृत्यसंघाची सूत्रेही तिच्याकडे होती. तथापि तिचे खरे कार्य वर्गातले. ही पद्धती तिने १९३४ मध्ये ग्रंथबद्ध केली.

सेम्योनोवाचे ऐश्वर्य, उलानोवाची संयत भावमयता आणि दुदिन्स्कायाचे तंत्रनैपुण्य यांत साम्य थोडेच. तिघी मात्र तिच्याच विद्यार्थिनी. १९५७ मध्ये शाळेला तिचे नाव देण्यात आले. रंगमंच सोडल्यावर त्या तिघीही शिकविण्याकडेच वळल्या.