गगनवीर इंद्रलाल रॉय

लढाऊ विमानांच्या वैमानिकांत सर्वश्रेष्ठ कोण, असा प्रश्न निघाला म्हणजे बहुधा आकड्यांची मोजदाद सुरू होते. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या रिश्टहोफेनने ८० विमाने पाडली, फ्रान्सच्या फोंकने ७५. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्याच एरिख हार्टमानच्या नावावर ३५२ विमाने लागली. अशा यादीत १० विमाने पाडणाऱ्याला स्थान ते कोठले? तरीही भारतीयांनी ज्याचे नाव आधी घ्यावे असा वैमानिक, आमच्या मते, इंद्रलाल रॉय हाच होय.

इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्यास झाला. वडील बॅरिस्टर, आई ललिता हिने पुढे इंग्लंडमधील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत भाग घेतला. शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत झाले. हिंदी तरुणास लढाऊ सैन्यात अधिकारपद मिळणे दुर्मिळ होते, अशा त्या काळात, १९१७ च्या एप्रिलमध्ये, तो रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाला. दृष्टी अधू म्हणून त्याला आधी नाकारले होते व मोटारसायकल विकून त्याने दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाचा अभिप्राय मिळविला, असे सांगतात.

डिसेंबर १९१७ मध्ये फ्रान्समध्ये त्याच्या विमानास अपघात झाला. जबर दुखापतीमुळे वैद्यकीय मंडळाने त्याला उड्डाणास अपात्र ठरविले. अंथरुणावर पडल्या पडल्या तो विमानांची रेखाचित्रे काढीत राहिला आणि पुन्हा उड्डाणाची परवानगी मिळेपर्यंत त्याने पाठपुरावा सोडला नाही. जून १९१८ मध्ये तो ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये, आयरिश वीर मॅकेलरॉय याच्या तुकडीत रुजू झाला.

पुढचे सारे दोन आठवड्यांत घडले. ६ जुलै रोजी पहिले विमान पडले, ८ जुलै रोजी तीन, १९ जुलै रोजी दहावे. २२ जुलै रोजी कार्व्हिन गावावरील चकमकीत इंद्रलालचे विमान पेटून कोसळले. वय एकोणीस वर्षे! त्याचे एकूण उड्डाण सुमारे १७० तासांचे. नऊ दिवसांनी मॅकेलरॉयही पडला. त्याच्या नावावर ४७ विमाने होती.

आता तुलनेकडे वळू. हार्टमानने सुमारे अडीच वर्षांत १४०० हून अधिक उड्डाणे केली. शिवाय सर्व देशांचे माप एक नव्हते. शत्रूचे विमान ताबा सुटून खाली जाताना दिसले, तरी इंग्रज ते विजयात धरीत; इंद्रलालच्या दहांपैकी पाच तशीच आहेत. म्हणून निव्वळ आकड्यांवरून थोरवी ठरवू नये. रणगाडा असो वा विमान, यंत्राची मर्यादा जाणल्यावाचून ते चालविणाऱ्याचे मोल कळत नाही, हे आवडीच्या कारखान्यात उमेद घालविलेल्या आमच्या सभासदांना सांगावयास नको. अपात्र ठरूनही पुन्हा त्याच आसनावर बसण्याचे धैर्य मात्र कोणत्याच तक्त्यात मावत नाही.

या कथेत मुंबईचाही वाटा आहे. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंगकर याच विमानदळात होता आणि जून १९१८ मध्ये तोही फ्रान्सच्या आघाडीवर कामास आला. त्याचे नाव आमच्या मुलांना ठाऊक नसते, याची खंत वाटते.

इंद्रलालला मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ देण्यात आला. १९९८ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीस, भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. फ्रान्समधील एस्तव्हेल गावी त्याची समाधी आहे आणि तिच्यावर बंगाली अक्षरे कोरलेली आहेत. परमुलखात पन्नास वर्षे मराठी अक्षर जपणाऱ्या आमच्या मंडळाला त्या अक्षरांचा अर्थ वेगळा समजावून देण्याची गरज नाही.